तिसरा चेंडू

"गेल्याच आठवड्यात मैदानाला दहा फेऱ्या मारल्यात हिने. हिला कसला न्यूमोनिया?" अशी हुज्जत बाबांनी पहिल्या दिवशी घातली होती. डॉक्टरबाईंनी पोरीचे श्वास मोजले, मिनिटाला पंचावन्न. मग एक्स-रेत पांढरं पडलेलं उजवं फुप्फुस दाखवलं, तेव्हा बाबांनी भरतीच्या कागदावर सही केली.

आज सहाव्या दिवशी ऑक्सिजन निघाला आणि डॉक्टरबाईंनी तिच्या हातात तीन चेंडूंचं यंत्र दिलं. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. पहिला चढला. दुसराही चढला. वॉर्डातली सगळी पोरं कॉटवर उभी राहून ओरडायला लागली, "ओढ! अजून ओढ!" आणि तिसरा चेंडू टक्कन वर जाऊन आदळला! एकच गलका झाला.

"बाबा, आता तू!"

सिस्टरने हसत नळी बदलून दिली. बाबांनी वाकताना खुपणारं सिगारेटचं पाकीट खिशातून काढून टेबलावर ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि जीव खाऊन श्वास ओढला. पहिला चेंडू जरासा थरथरला आणि परत खाली बसला.

पोरगी टुणकन खाली उतरली, उशी नीट केली आणि म्हणाली, "डॉक्टर, माझी कॉट बाबाला द्या."