लांब कानांचा

अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीत अंधश्रद्धेला जागा नसते. तिथं माणसालाच धड जागा नसते. फक्त त्या लांब कानांच्या, गाजरखाऊ प्राण्याचं नाव फ्रेंच नौदलात कोणी तोंडातून काढत नाही. लाकडी जहाजांच्या काळात तो तळ कुरतडायचा म्हणे. आता तळ पोलादी झाला. भीती लाकडीच राहिली.

"काय शिजवलंस, बल्लवाचार्य?" बिनतारी खोलीचा प्रमुख कारादेक म्हणाला. "लांबकान्या तर नाही ना?"

"कोंबडी आहे," आचारी गिल्दास म्हणाला. "हवं तर कान तपासून घे."

"हसू नकोस. मागच्या खेपेला एकानं ते नाव घेतलं, त्याच दिवशी पंप बसला."

"माझा संदेश आला का?"

"येईल रे. बायको आहे ती, पाणतीर नव्हे."

निघताना तुलाँच्या धक्क्यावर सोलेन म्हणाली होती, "तुझ्याबरोबर राहायचं की नाही, ते विचार करून कळवते." पण घरचा संदेश म्हणजे जेमतेम चार ओळी, आणि वाईट बातमी असली तर किनाऱ्यावरचं कार्यालय ती गाळूनच पुढं पाठवतं. म्हणून दोघांनी खूण ठरवली. राहणार असेल, तर ती त्याला पूर्वीच्या लाडक्या नावानं हाक मारणार. नाव नसलं, की त्यानं समजून जायचं. पाण्याखालून उलट विचारायची सोय नव्हती.

रविवारी कारादेकनं कागद आणून दिला. "घे. आता तरी सूप खारट करू नकोस."

'लिंबोणीला फुलं आली. तुझी आई बरी आहे. छपराची गळती थांबली. जपून राहा. सोलेन.'

गिल्दासनं कागद उलटूनही पाहिला. मग बोटातली अंगठी कांद्याच्या सालांत टाकली, पिशवीला वजन बांधलं आणि कचऱ्याच्या नळीतून ती समुद्रात सोडली.

पाणबुडी तुलाँला परतली तेव्हा सोलेन मोठ्या फाटकाशी उभी होती.

"गिल्दास कुठाय?" तिनं कारादेकला विचारलं.

"मागच्या फाटकानं गेला की! ब्रेस्टला बदली मागून घेतलीय त्यानं."

"माझा संदेश नाही मिळाला त्याला?"

"मिळाला तर! मी स्वतः दिला. फक्त पहिला शब्द तेवढा गाळला, बाई. पाणबुडीवर असलं लिहितं का कोणी? कार्यालयातल्या पोरांना अक्कल नाही, पण मी जागा होतो. म्हणून तर सगळे सुखरूप परतलो."

शब्द होता 'ससोबा'.