डबीतली सवत

दिगंबर पेपरात डोकं घालून बसला असताना कुमुदिनीने त्याच्या कानामागच्या डबीची जोडणी तोडली. आजारपणानंतर नवऱ्याच्या साऱ्या आठवणी दूरच्या केंद्रात असत; रोज लागणाऱ्यांची प्रत तेवढी डबीत, आणि केंद्राशी जोडणी तुटली की तेवढीच उरे. त्या डबीत त्याची पहिली बायकोच ठाण मांडून बसली असणार, या संशयाने ती जळत होती.

त्याने पेपर खाली ठेवून परक्यासारखं पाहिलं. “बसा काकू, आमची ही येईलच.”

“ही म्हणजे कोण?”

“कुमुद! निळ्या साडीत काय दिसते म्हणून सांगू!” त्याचा चेहरा उजळला.

तिची ती साडी विरूनही वीस वर्षं झाली होती.

त्या तरण्या सटवीचा तिला भयंकर राग आला. तिने जोडणी लावली आणि जुनी प्रत पुसून ताजी भरली.

“तू होय,” तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा पेपरात डोकं घातलं.