बिनकामाचा इंडेक्स

लाखो रक्तदात्यांच्या नोंदींचा सर्व्हर हलका केला, तर साहेबांची शाबासकी आणि बढती, दोन्ही पदरात पडणार होत्या. म्हणून तो सांभाळणाऱ्या इंजिनिअरने दुर्मिळ रक्तगटांचे दाते झटकन शोधून देणारा इंडेक्स काढूनच टाकला.
"साहेब, वर्षभरात कुणी हिंग लावून विचारलं नाही त्याला. फुकट कशाला पोसायचा?"

महिन्याभरात त्याची बहीण बाळंत झाली. मुलगी सुखरूप, पण आईचं रक्त थांबेना.
"दादा, हिच्या गटाचं रक्त कुठेच नाही हो! तुमच्या सर्व्हरवर बघा ना!" मेहुणा फोनवर रडत होता.
इंडेक्सविना सर्व्हर एकेक नोंद वाचत बसला. ठरवून दिलेली वेळ संपली की शोध तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून.
दाता सापडला तो हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत, पण फार उशिरा.



बढती मामाला मिळाली. आई गेली ती भाचीची.