गोजर जेवत नाही

तिसऱ्या दिवशीही गोजरचं ताट भरलेलंच उठलं, तेव्हा सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजूरच्या आमराईत मुलींचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. निजामाच्या अमलात त्या भागातलं हे पहिलंच. जुना जालना, भोकरदन, शहागड असं रणरणत्या उन्हात फिरून, एकेका बापाच्या नाकदुऱ्या काढून भुजंगराव गुरुजींनी बावीस मुली जमवल्या होत्या. दहा दिवस लिहिणं, वाचणं, सूत कातणं, आणि दोन वेळचं जेवण सगुणाबाईच्या हातचं. शेवटच्या दिवशी आईबाप यायचे होते. सोळा वर्षांच्या आत पोरीचं लग्न लावणार नाही, अशी शपथ गुरुजी त्यांच्याकडून घेणार होते. एक जरी पोर वाळून घरी गेली, तरी पुढच्या साली कुणी आपली मुलगी धाडणार नाही, हे सगुणाबाईला चुलीपुढं बसूनही कळत होतं.

खोडी तशा सगळ्यांनाच होत्या. एकीला वांगं दिसलं की शिसारी. दुसरी पिठल्यातला कांदा वेचून ताटाच्या काठाला रांगेत लावायची. तिसरीला भाकरीचा नुसता पापुद्रा हवा.

"वांगं खाय बाई, न्हाईतर माळ्याच्याच घरी सून म्हणून पडशील," सगुणाबाई चिडवायची. पोरी फिदीफिदी हसायच्या आणि घास गिळायच्या.

गोजरचं तसं नव्हतं. शहागडच्या मच्छिंद्र पाटलाची ही दहा वर्षांची लेक पंगतीत सगळ्यात शेवटी बसायची. भाकरीचा तुकडा मोडायची, वरणात बुडवायची आणि तिथंच ठेवून द्यायची. सकाळी प्रत्येकीच्या ओंजळीत भिजवलेले हरभरे मिळत, ते तेवढे विहिरीमागं जाऊन खायची. त्यावरच तिचा दिवस निघायचा. पंगत उठली की मागून कुणाला काही वाढायचं नाही, असा गुरुजींचा नेम होता. जातपात न बघता सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि गुरुजी स्वतः मुलींच्या समोर पाट मांडून बसायचे.

"काय दुखून राह्यलं का गं?" सगुणाबाईनं विचारलं.

गोजरनं मान हलवली.

"मंग माझ्या हातचं आवडत न्हाई का?"

पोरीचे डोळे भरून आले. सगुणाबाई मनातून खजील झाली. पाच गावांच्या लग्नांत तिनं रांधलं होतं. पण ते नवरा असताना. विधवेच्या हातचं खाऊ नये, असं हिला घरी कुणी शिकवलं असेल का?

गुरुजी रोज संध्याकाळी चुलीपाशी येऊन विचारायचे, "गोजर जेवली का?" बाकीच्या एकवीस जणींचं त्यांनी कधी विचारलं नाही.

"न्हाई," सगुणाबाई चोरी पकडल्यासारखं सांगायची.

"उद्या तिच्यासाठी शिरा करा. तूप हात सोडून घाला."

शिराही तसाच परत आला.

सहाव्या दिवशी गुरुजी कामासाठी जालन्याच्या कचेरीत गेले. त्या दुपारी गोजरनं तीन भाकरी खाल्ल्या. पिठलं दोनदा मागून घेतलं आणि बोटं चाटली. पाणी भरणारा लालमियाँ बघतच राहिला.

"क्या बात है बाई, आज तो बच्चीने कमाल कर दी!"

सगुणाबाईला इतका आनंद झाला की तिनं चौथी भाकरीही वाढली. तो आनंद दुसऱ्या दुपारपर्यंत टिकला. गुरुजी परत आले, समोर पाटावर बसले, आणि गोजरचा हात ताटातच थांबला.

मग सगुणाबाईच्या मनात नको ते आलं. आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली. ज्या माणसानं तिला काम दिलं, त्याच्याबद्दल असलं मनात आणायचं! तरी ती गेली.

"गुरुजी, लहान तोंडी मोठा घास घेते. ती पोर तुम्हाला बिचकून राह्यली. जेवताना तुम्ही जरा लांब बसा."

गुरुजींचा चेहरा उतरला. "मी पंगत सोडली तर लोक म्हणतील, गुरुजी नुसतं बोलतो. नेम माझाच आहे, सगुणाबाई. मोडता येत नाही."

"तिला कधी मारलंबिरलं का?"

"बिलकुल नाही," गुरुजी म्हणाले. मग ते खाली मान घालून हजेरीची वही चाळू लागले. आपण कुणाला काय विचारून बसलो, या विचारानं सगुणाबाईचे कान तापले.

दहाव्या दिवशी आईबाप आले. गुरुजींनी आधी स्वतः हात वर करून खणखणीत आवाजात शपथ घेतली. मग सगळ्यांनी घेतली. मच्छिंद्र पाटील पुटपुटला, तो जमिनीकडं बघून.

पंगत बसली. आमरस, पोळी, कुरडई. कांदा वेचणारीसुद्धा मान वर न काढता जेवत होती. गोजरच्या वाटीतल्या रसावर मात्र साय धरली.

जुन्या जालन्याहून आलेल्या एका मुलीच्या आईनं, नंदाबाईनं, ते पाहिलं. "ह्या लेकराचे हाल तर बघा! गालफाडं बसलीत. पोरींना उपाशी ठेवता का इथं?"

हात थांबले. सगळ्यांचे डोळे सगुणाबाईवर आले. कुठं तोंड लपवावं ते तिला कळेना. तिनं रसाचं पातेलं खाली ठेवलं आणि गोजरपुढं बसकण मारली.

"सांग बाई, चारचौघांत सांग. माझ्या हाताचा तुला विटाळ वाटतो का?" आणि तिला रडू कोसळलं.

"सगुणाबाई, राहू द्या," समोरून गुरुजी घाईनं म्हणाले. "पुढं वाढा, जल्दी."

गोजर गुरुजींकडं पाठ करून बसली. सगुणाबाईचे डोळे तिनं आपल्या परकरानं पुसले.

"तुमच्या हाताचं काईच न्हाई हो, मावशी," ती म्हणाली. "गुरुजी माझे सासरे हायेत. सासऱ्यादेखत घास कसा उचलू?"