कडेची बोंडं

कृषी विद्यापीठाचे अफरोज साहेब काडी ओढणार, तोच जिवनबाईनं पुढं होऊन काडीपेटी धरली. "थांबा साहेब. आधी माझं आयका."

समोर करडईचा काटेरी ढीग होता. जनुक बदलून तयार केलेली ही करडई. तिचं तेल हृदयाला चांगलं, असं साहेबांनी पेरणीलाच तांड्यावर सांगितलं होतं. पण ते खाऊन चालेल की नाही, याची तपासणी व्हायची होती. तोवर एक दाणा बाहेर जायचा नाही, नमुने घेऊन उरलेलं जाळायचं, हा नियम. राखणीला जिवनबाई होती, आणि तिच्या घरात नवरा, रूपसिंग, छाती धरून पडून होता. मग व्हायचं तेच झालं. कुंपणानंच शेत खाल्लं.

मधल्या झाडांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्यांना हात लावला तर कळलं असतं, म्हणून तिनं हाताला फडकं गुंडाळून कडेची बोंडं खुडली. जवळा बाजारच्या घाण्यावरून तेल काढून आणलं. आठ दिवस रूपसिंगच्या चटणीवर तेच घातलं. नवव्या दिवशी तो जेवता जेवता कलंडला. त्याला आता पंधरवडा झाला होता.

तिनं सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, "त्या तेलानं गेले का मालक? खरं सांगा. म्या मारलं का त्यायला?"

"बोंडं कडेचीच घेतली? आतली एकही नाही?"

"कडेचीच."

साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "जिवनबाई, कडेच्या ओळी साध्या करडईच्या असतात. नव्याचा पराग बाहेर जाऊ नये म्हणून त्या भोवती लावतो. त्यासाठीच पेरणीला तुमच्या घरच्या मडक्यातलं बियाणं मागून नेलं होतं, कशाला ते तेव्हा सांगितलं नव्हतं. तुम्ही जन्मभर खाता तेच तेल होतं ते."

जिवनबाईनं काडीपेटी साहेबांच्या हातात दिली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

साहेबांनी काडी ओढली. ढीग तडतडत पेटला.

"मंग साहेब," ती हळूच म्हणाली, "म्या त्यायच्यासाठी काहीच केलं न्हाई."