निळीच हवी

वाऱ्याला मागे टाकणारी गाडी बनवतो, असं छाती ठोकून सांगणाऱ्या त्या छोट्या कारखान्यातून सहा वर्षांत एकही गाडी बाहेर पडली नव्हती. तरी आज साहेबांनी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला त्याची निळी गाडी बघायला बोलावलं.

"हात नका लावू काका, रंग ओला आहे," रंगारी म्हणाला.

काका वाकून बघत राहिले. "हा निळा आमच्या हिनं निवडला होता. ती काही थांबली नाही." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "इंजिन नसलं तरी चालेल. आहे तशी द्या. घरासमोर नुसती उभी राहू दे."

रंगाऱ्याला वाटलं, देऊन टाकावी एकदाची.

साहेब मात्र ताठ झाले. "छे छे, काका. अर्धवट गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

इतका सच्चा माणूस भेटला म्हणून काकांनी जाताना साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.



फाटक लागल्यावर साहेब रंगाऱ्याला म्हणाले, "आता हिच्यावर पिवळा मार. उद्या पिवळीवाले येतायत, आणि आपल्याकडे गाडी ही एकच आहे."