काल्याचा वाटा

मुलुंडच्या देवळात उत्सवाच्या शेवटी काल्याचं कीर्तन दरवर्षी मृणालिनीताईंचंच. यंदा त्या झांजा घेऊन पोचल्या, तर नारदाच्या गादीवर त्यांची शिष्या गार्गी उभी! विश्वस्त अनंतराव हळूच म्हणाले, "ताई, घसा कसा आहे आता? तुमचा आवाज बसलाय असा गार्गीचा फोन आला, म्हणून मग तिलाच उभं केलं."

ताईंचा घसा ठणठणीत होता. त्यांनी झांजा पदराखाली झाकल्या नि गुपचूप मागे जाऊन बसल्या.

गार्गी अगदी रंगात आली होती. "मंडळी, इंग्रजीत सोबत्याला कम्पॅनियन म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. ज्याच्यासोबत भाकरी खातो, तो कम्पॅनियन! आपला कान्हा गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खातो, ते दुसरं काय हो?" टाळ्यांचा कडकडाट झाला. हा दृष्टान्त ताईंनीच आजच्यासाठी जुळवला होता. गेल्या गुरुवारी शिकवणी झाल्यावर, एका ताटात भाकरी खाताना, त्यांनी तो कौतुकाने गार्गीला सांगितला होता.

कीर्तन संपलं. नारदाच्या गादीपुढे वय बघायचं नसतं. ताईंनी रीतीप्रमाणे वाकून गार्गीच्या पायांना हात लावला. गार्गी गडबडलीच. "ताई, रागावलात ना?" म्हणत तिने त्यांच्या ओंजळीत काला घातला. ताईंनी तो कपाळाला लावून खाल्ला, एक लाहीसुद्धा सांडू दिली नाही.

"काला देवाचा गं, तो कसा नाकारू?" त्या म्हणाल्या. "पण येत्या गुरुवारी तुझी भाकरी मी थापणार नाही."